ओस मैदान आणि भरलें मैदान

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली, त्या आठवड्यांत एक पालक आम्हांस भेटावयास आले. खाणींतील पहिली पाळी संपवून ते तसेच आले होते. कपड्यांवरील कोळशाची काजळीहि अद्याप झटकलेली नव्हती. त्यांची कन्या आमच्या खो-खोच्या संघांत आहे व चांगली धांवते. थोडा वेळ इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर ते म्हणाले, "सर, उद्यांपासून शाळा सुटली कीं तिला लगेच घरीं पाठवा. खेळ नको." कारण विचारतां त्यांनीं खिशांतून वर्तमानपत्राचें एक कात्रण काढून आमच्यापुढें ठेविलें. दूरच्या एका शहराबाहेर मोकळ्या जागीं एका तरुणीवर झालेल्या अत्याचाराची ती बातमी होती. "मैदानाच्या पलीकडे सारें रान आहे," ते म्हणाले, "थंडीच्या दिवसांत सहा वाजले नाहींत तों अंधार पडतो. उद्यां कांहीं झालें तर मीं कोणाच्या तोंडाकडे पाहावें?"

त्या गृहस्थांस आम्हीं त्या दिवशीं जें उत्तर दिलें तें आमचें आम्हांसच अपुरें वाटलें. "भिऊं नका," असें म्हणणें सोपें असतें. परंतु बापाच्या भीतीला वेडगळ ठरविण्याचा अधिकार शिक्षकास नाहीं. उलटपक्षीं, भीतीनें मुलींस घरांत बसवावयाचें, तर ज्यांनीं गुन्हा केला ते मोकळे आणि ज्यांनीं कांहींच केलें नाहीं त्या बंदिवान, असा विपरीत न्याय होतो. तेव्हां मोकळ्या जागेंत माणसावर हल्ला कसा होतो, केव्हां होतो, आणि तो टाळण्यास आपण काय करूं शकतों, याचा शांतपणें विचार करावा, या हेतूनें हा लेख लिहिला आहे. विद्यार्थ्यांनीं तो आईबापांस वाचून दाखवावा, अशी आमची इच्छा आहे.

प्रथम आपल्या गांवाकडे पाहूं. माजरी हें वर्धा नदीच्या खोऱ्यांतील कोळशाचें गांव. वर्धेहून बल्लारशहाकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हें जंक्शन असून वणी व आदिलाबादकडे जाणारा फांटा येथूनच फुटतो. खाणीचें काम पाळ्यांनीं चालतें, कोळशाचे ट्रक सारखे धांवत असतात, आणि त्यामुळें रात्रंदिवस माणसांची येजा असते; त्यांत अनोळखी चेहरेहि पुष्कळ असतात. उघड्या खाणींतून काढलेल्या मातीचे डोंगर वस्तीला लागून उभे आहेत. त्यांवर वेडी बाभूळ आणि रायमुनिया माजलेली असते. अशा जागेच्या शेजारीं आमचीं मुलें चेंडू खेळतात, आणि चेंडू झुडपांत गेला म्हणजे जो सर्वांत लहान असेल त्यालाच तो आणावयास पाठवितात.

झुडपांचें भय आपल्या जिल्ह्यास नवीन नाहीं. फेब्रुवारी २०२२ मध्यें चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या आवारांत व दुर्गापूरच्या वस्तींत वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसें दगावलीं, तेव्हां सर्वांनीं एकच मागणी केली: झुडपें तोडा, दिवे लावा, मुलांस एकटें सोडूं नका. जनावराच्या बाबतींत ही गोष्ट आपणांस चटकन समजते. माणसाच्या बाबतींत मात्र आपण जागेचा विचार सोडून देतों आणि मुलीच्या वागण्याचा, वेषाचा व वेळेचा विचार करूं लागतों. वस्तुतः दोहोंचा अभ्यास एकाच ठिकाणापासून सुरू केला पाहिजे, तो म्हणजे जागेपासून.

अमेरिकेंतील लॉरेन्स कोहेन व मार्कस फेल्सन या दोन समाजशास्त्रज्ञांनीं १९७९ सालीं गुन्ह्यांविषयीं एक साधा विचार मांडला. गुन्हा घडावयास तीन गोष्टी एका वेळीं व एका जागीं जुळून याव्या लागतात: गुन्हा करण्यास तयार झालेला माणूस, त्याला सोयीचें वाटणारें सावज, आणि राखण करणाऱ्याचा अभाव. यांतील एक जरी गोष्ट नसली तरी गुन्हा घडत नाहीं. पहिल्या गोष्टीवर आपली सत्ता फारशी चालत नाहीं. दुष्ट माणसें जगांत आहेत व राहतील. दुसरी गोष्ट थोडीशी आपल्या हातीं आहे. परंतु तिसरी, म्हणजे राखण, ही पुष्कळ अंशीं आपल्याच हातीं आहे. आणि राखण म्हणजे बंदूक घेतलेला शिपाईच असें नव्हे. बांकावर बसलेले आजोबा, चहाची टपरी चालविणारी बाई, शेजारच्या मैदानावर क्रिकेट खेळणारीं मुलें, हे सर्व राखणदारच होत. कारण गुन्हेगाराला ज्याचें सर्वांत अधिक भय वाटतें ती वस्तु म्हणजे पाहणारा डोळा. जेन जेकब्स या लेखिकेनें शहरांविषयीं १९६१ सालीं लिहिलेल्या ग्रंथांत हेंच प्रतिपादिलें आहे, कीं रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः त्यावर नित्य वावरणाऱ्या सामान्य माणसांच्या नजरेमुळें.

हा विचार परदेशांतील एका खेळाच्या उदाहरणानें अधिक स्पष्ट होईल. अमेरिकेंत डिस्क गोल्फ नांवाचा एक खेळ आहे. गोल्फमध्यें चेंडू काठीनें मारीत दूरच्या खळग्यांत घालावयाचा असतो. येथें चेंडूऐवजीं हातानें फेंकावयाची चपटी तबकडी असते, आणि खळग्याऐवजीं खांबावर बसविलेली साखळ्यांची टोपली असते. झाडांमधून वाट काढीत, एका टोपलीकडून दुसरीकडे, बहुधा अठरा टोपल्यांपर्यंत खेळाडू चालत जातो. या खेळाचें पहिलें कायम मैदान १९७५ सालीं कॅलिफोर्नियांत लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह उद्यानांत एड हेड्रिक या गृहस्थांनीं उभारिलें. पुढें असलीं मैदानें शहरांतील सार्वजनिक उद्यानांत, विशेषतः ज्या झाडीच्या कोपऱ्यांकडे दुसरें कोणी फिरकत नाहीं अशा ठिकाणीं, निघालीं. तेथें प्रश्न आला तो आपल्याच प्रश्नासारखा. खेळाडू झाडींत एकटा. त्याची गाडी दूर उभी, आंत सामान. आणि आडोशास बसणाऱ्या व्यसनी व चोर लोकांस तीच जागा सोयीची. लूट, मारहाण, गाडीच्या कांचा फोडणें, या भीतीनें लोक खेळ सोडावयास निघाले, तर जागा पुनः ओस पडावयाची. परंतु जेथें खेळाडू टोळीनें व नित्यनेमानें येऊं लागले, तेथें उपद्रवी लोकच हळूहळू दुसरीकडे गेले, असें हे खेळाडू सांगतात. खेळ तोच आणि झाडीहि तीच. अंतर पडलें तें माणसांच्या वर्दळीनें.

आतां आपल्या महाराष्ट्रांतील दोन जागांकडे वळूं. दोन्ही मुंबईंत आहेत. एक ओस राहिली, तिचें काय झालें. आणि दुसरी भरली, तिचें काय झालें, हें ताडून पाहण्यासारखें आहे.

महालक्ष्मी स्टेशनाजवळ शक्ति मिल या नांवाची कापडाची गिरणी होती. ती बंद पडून तीस वर्षांच्या आसपास काळ लोटला होता; यंत्रें गेलीं, छपरें पडलीं, आवारांत जंगल माजलें. सभोंवार गजबजलेलें शहर, आणि मध्यें ही जागा निर्मनुष्य. २२ ऑगस्ट २०१३ रोजीं संध्याकाळीं बावीस वर्षांची एक छायाचित्रकार तरुणी आपल्या नियतकालिकाच्या कामासाठीं एका सहकाऱ्यासह तेथें गेली असतां पांच जणांनीं सहकाऱ्यास बांधून ठेविलें व तिच्यावर अत्याचार केला. तिनें धीर धरून तक्रार दिली आणि आरोपी थोड्याच दिवसांत सांपडले. हें वाचून टेलिफोन ऑपरेटरचें काम करणारी दुसरी एक तरुणी पुढें आली. त्याच जागीं, त्याच टोळीपैकीं कित्येकांनीं, ३१ जुलै २०१३ रोजीं तिच्यावरहि असाच अत्याचार केला होता. ४ एप्रिल २०१४ रोजीं सत्र न्यायालयानें दोन्ही गुन्ह्यांत असलेल्या तिघांस फांशीची शिक्षा सुनावली. २५ नोव्हेंबर २०२१ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें ती बदलून जन्मठेप दिली.

या प्रकरणांतील तीन गोष्टी आमच्या पालकवर्गानें ध्यानांत घ्याव्या. ती तरुणी मध्यरात्रीं गेली नव्हती, एकटी गेली नव्हती, आणि हौसेनें भटकावयास गेली नव्हती. ती आपलें काम करावयास गेली होती. तेव्हां "ती तेथें गेलीच कशाला" हा प्रश्न निरर्थक आहे. विचारावयाचा प्रश्न हा, कीं शहराच्या मध्यभागीं अशी जागा इतकीं वर्षें तशीच राहूं दिली कोणी? दुसरी गोष्ट, पहिल्या अत्याचारानंतर तीन आठवडे कोणास कांहीं कळलें नाहीं, आणि गुन्हेगारांस वाटलें कीं येथें कांहींहि केलें तरी खपतें. त्या पहिल्या मुलीस आम्ही यत्किंचितहि दोष देत नाहीं. दोष आहे तो ज्या समाजांत पीडितेलाच लाज वाटावी लागते त्या समाजाचा. आपल्या घरांत मुलगी बोलूं शकेल अशी हवा असेल, तर पुढची एखादी मुलगी वांचूं शकते. तिसरी गोष्ट, दुसरीनें तक्रार दिली म्हणून पहिलीला वाचा फुटली. धैर्य हें असें एकापासून दुसऱ्यास लागतें.

आतां दुसरी जागा. मुंबईंत उच्च न्यायालयासमोर ओव्हल मैदान आहे. आज तें पाहणाऱ्यास हिरवेंगार मैदान व त्यावर एकाच वेळीं चाललेले क्रिकेटचे कित्येक सामने दिसतात; २०१८ सालीं युनेस्कोनें ज्या इमारतसमूहास जागतिक वारशाचा मान दिला, त्याच्या मधोमध हें मैदान आहे. परंतु पूर्वीं एक काळ असा होता, कीं संध्याकाळनंतर तेथून जावयास लोक धजत नसत. देखभाल सुटली होती, गवत जाऊन धूळ राहिली होती, आणि गर्दुल्ले, जुगारी व तसल्याच लोकांनीं मैदान बळकाविलें होतें. शेजारच्या रहिवाशांपुढें दोन मार्ग होते: मुलांस तेथें जाऊं न देणें, किंवा मैदान परत मिळविणें. त्यांनीं दुसरा मार्ग धरिला. संघटना केली, सरकारदरबारीं खेपा घातल्या, न्यायालयांत दाद मागितली, आणि १९९० नंतरच्या दशकांत मैदानाची निगा आपल्याकडे घेऊन कुंपण, दिवे, पायवाट व हिरवळ सिद्ध केली. त्यानंतर मैदानाची राखण केली ती मुख्यतः क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनीं व पायवाटेनें जाणाऱ्या सामान्य जनांनीं. आणि आपण राखण करीत आहों हें त्यांच्या ध्यानींमनींहि नव्हतें.

या दोन जागांत अंतर फारसें नाहीं. एकाच शहरांत, त्याच पोलिसांच्या व त्याच कायद्याच्या अंमलाखालीं दोन्ही होत्या. ज्या जागेवर सज्जनांनीं आपला हक्क सोडला ती दुर्जनांची झाली, आणि जेथें तो पुनः बजाविला ती सर्वांची झाली.

येथें एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. मोकळ्या जागेंतील अनोळखी मनुष्याचें भय आपणांस फार वाटतें, कारण त्याची बातमी मोठ्या अक्षरांत छापून येते. परंतु राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांवरून असें दिसतें, कीं बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकीं शंभरांत नव्वदांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी हा पीडितेच्या ओळखीचा असतो: नातलग, शेजारी, मित्र किंवा कामावरचा माणूस. म्हणजे मुलीस मैदानावरून उठवून घरांत बसविलें कीं ती निर्भय झाली, असें मुळींच नाहीं. कित्येकदां मैदानावरील मैत्रिणी व शिक्षक हेच तिचें ऐकून घेणारे असतात. ते तोडले तर तिचें ऐकणारें कोणी उरत नाहीं.

आणि मुलगे? त्यांच्याविषयीं पालक निश्चिंत असतात, परंतु मैदानावरील मारामाऱ्या बहुतेक मुलग्यांमध्येंच होतात. धांवबाद कीं नाबाद, या क्षुद्र वादावरून बॅट किंवा स्टंप उचलला जातो. डोक्यांत बसलेला एक घाव दोन कुटुंबांची धूळधाण करितो. हातांत काठी असतां राग आला तर आधीं काठी खालीं टाकावी व मग बोलावें, हा नियम आम्हीं आमच्या संघास घालून दिला आहे. तसेंच, येणाऱ्याजाणाऱ्या मुलींकडे पाहून शेरे मारणें हा खेळाचा भाग आहे असें ज्या मुलांस वाटतें, त्यांनीं हें नीट समजून घ्यावें, कीं मैदान ओस पाडणाऱ्यांत त्यांचीहि गणना होते. मुलींचें मैदान हिरावून घेण्यास दर वेळीं दरोडेखोर लागतो असें नाहीं; चार टवाळ मुलें पुरतात.

आतां व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. पहिली, सोबत. मैदानावर जातांना व विशेषतः परततांना एकटें असूं नये; एकाच आळीच्या मुलांनीं मिळून यावें. मात्र सोबत कोणाची, हें पाहावें. आपल्या भागांतील जुन्या प्रवाशांनीं हा धडा फार महाग शिकला आहे. ठग लोक वाटसरूंस गांठीत तें शस्त्र दाखवून नव्हे, तर सोबतीचें आमिष दाखवून. दिवसच्या दिवस ते बरोबर चालत, एकत्र जेवीत, गोष्टी सांगत, आणि पुरता विश्वास बसला म्हणजे रुमालाचा फांस गळ्यांत पडे. १८३० नंतरच्या दशकांत स्लीमन या अधिकाऱ्यानें जबलपुरांत राहून त्यांचा बंदोबस्त केला. ठग गेले, पण "चल, मी सोडतों" म्हणून गाडी थांबविणारा अनोळखी मनुष्य अजून आहे. त्याला "नको" म्हणणें हा उद्धटपणा नव्हे.

दुसरी, वार्ता. कोठें जातों, कोणाबरोबर जातों, व केव्हां परतणार, हें घरीं सांगून जावें. आणि घरच्यांनींहि तें रागावून नव्हे, तर सहजपणें विचारावें. ज्या घरांत प्रत्येक प्रश्नास वटारलेले डोळे असतात, त्या घरांत मुलें खोटें सांगूं लागतात, आणि ऐन वेळीं त्यांचा शोध कोठें घ्यावा तें कोणास कळत नाहीं.

तिसरी, उजेड. सूर्य मावळण्यापूर्वीं खेळ आटोपावा. अंधाराचें महत्त्व कायदाहि जाणतो: जबरी चोरीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, परंतु तीच राजमार्गावर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळांत केली तर शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाऊं शकते. दिवा बंद असेल, झुडपें वाढलीं असतील, तर त्याविषयीं ग्रामपंचायतीस अथवा वसाहतीच्या कार्यालयास लेखी अर्ज द्यावा व त्याची पोंच घ्यावी. असा अर्ज मराठींत नीटपणें लिहितां येणें हें आमच्या मतें निबंधाइतकेंच महत्त्वाचें आहे.

चौथी, वस्तु आणि जीव यांतील भेद. मोबाईल फोन, सायकल, सोनसांखळी यांसाठीं कोणी धमकावीत असेल तर ती देऊन टाकावी व उजेडाकडे, माणसांकडे धांवत सुटावें. वस्तु पुनः मिळते. पण हल्ला देहावरच होत असेल, तर ओरडणें, धांवणें, चावणें, ढकलणें, जें साधेल तें करावें. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेनें प्रत्येकास दिला आहे. त्याला मर्यादा दोन: संरक्षणास लागेल त्याहून अधिक इजा करूं नये, आणि पोलिसांची मदत घेण्यास अवकाश असेल तर हात उचलूं नये. मार देऊन झाल्यावर पाठलाग करून मारणें हें संरक्षण नव्हे, सूड आहे. आणि भयानें ज्याच्या तोंडून शब्दच फुटला नाहीं, हातपायच हलले नाहींत, त्यानेंहि स्वतःस दोष देऊं नये. भयानें शरीर गोठतें, तो अपराध नव्हे.

पांचवी, तक्रार. कोणत्याहि संकटांत ११२ हा क्रमांक फिरवावा. मुलांसाठीं १०९८ हा क्रमांक आहे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याहि पोलीस ठाण्यांत देतां येते. घटना नागपुरास घडली व आपण भद्रावतीस आहों, तरी "ही आमची हद्द नव्हे" असें सांगून परत पाठवितां येत नाहीं. पीडितेवर कोणत्याहि रुग्णालयानें, सरकारी असो वा खाजगी, तात्काळ व विनामूल्य उपचार केले पाहिजेत, असेंहि हाच कायदा सांगतो. अठरा वर्षांखालील मुलामुलींसाठीं २०१२ चा पोक्सो कायदा आहे. त्यांत मुलाचा जबाब त्याच्या घरीं किंवा त्याला रुचेल त्या ठिकाणीं, शक्यतों स्त्री-अधिकाऱ्यानें, पोलिसी गणवेष न घालतां घ्यावयाचा असतो. मुलाचें नांव वर्तमानपत्रांत छापतां येत नाहीं. आणि असा गुन्हा ठाऊक असून जो पोलिसांस कळवीत नाहीं तोहि गुन्हेगार ठरतो. हा शेवटचा नियम आम्हां शिक्षकांसहि लागूं आहे, आणि तो असावा हेंच योग्य.

शेवटीं पाहणाऱ्याचें कर्तव्य. यरुशलेमेहून यरीहोस जाणाऱ्या मनुष्यास लुटारूंनीं अर्धमेला करून टाकिल्याचा दृष्टांत आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलास, मग तो कोणत्याहि धर्माचा असो, ठाऊक आहे. त्यांत लुटारूंची संख्या व नांवें सांगितलेलीं नाहींत. वर्णन आहे तें बाजूनें निघून गेलेल्या दोघांचें आणि थांबलेल्या एका शोमरोन्याचें. आज थांबणाऱ्यास भय वाटतें कीं आपणच कचाट्यांत सांपडूं. रस्त्यावरील अपघातांत मदत करणाऱ्यास तर २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीनें संरक्षणहि दिलें आहे. एकट्यानें लुटारूंवर धांवून जावें असें आम्ही म्हणत नाहीं. दुरून ओरडणें, चार माणसें गोळा करणें, ११२ ला कळविणें, जखमीजवळ बसून राहणें, एवढें तर आठवींतला मुलगाहि करूं शकतो.

खो-खोचा खेळ ज्यांनीं नीट पाहिला असेल त्यांस एक गोष्ट दिसली असेल. पाटीवर बसलेले आठ गडी सारे एकाच बाजूस पाहत नाहींत. एकाचें तोंड इकडे तर दुसऱ्याचें तिकडे. त्यामुळें मैदानाची कोणतीच बाजू नजरेबाहेर राहत नाहीं, आणि प्रत्येकाला भरंवसा असतो कीं आपल्या पाठीकडे आपला गडी पाहत आहे. गांवानेंहि असेंच बसावें.

त्या गृहस्थांस आम्हीं पुनः बोलाविलें तें इतर पालकांसह. पुष्कळ बोलणें झालें, कांहीं कडूहि झालें. अखेरीस आठ पालकांनीं वार वाटून घेतले. ज्याची पहिली पाळी असेल त्यानें चार वाजल्यानंतर मैदानाच्या बांधावर येऊन बसावें, आणि अंधार पडण्यापूर्वीं मुलींनीं आळीआळीनें घोळक्यानें घरीं जावें, असें ठरलें. झुडपांविषयीं अर्ज दिला. एक बाजू साफ झाली, दुसरी अद्याप व्हावयाची आहे. त्या गृहस्थांची कन्या खेळते. ते स्वतः मंगळवारीं येतात, बांधावर बसून तंबाखू मळतात, आणि मुलगी पळतीवर असली म्हणजे तंबाखू विसरतात.

दोन मुली मात्र परत आल्या नाहींत. त्यांच्या घरीं आम्ही दोन वेळां जाऊन आलों. तिसऱ्या वेळीं जाणार आहों. बांधावर आणखी चार माणसें बसलेलीं त्यांच्या वडिलांस दिसलीं, तर आम्हांस फारसें बोलावें लागणार नाहीं, असें आम्हांस वाटतें. ज्या वाचकांचें घर मैदानापासून जवळ आहे व संध्याकाळीं ज्यांस घटकाभर सवड असते, त्यांनीं येऊन बसावें, एवढीच या लेखाच्या शेवटीं विनंती आहे.